सेमिस्टरची विषय नोंदणी : या चुका टाळा

दर सत्राच्या शेवटी हॉलतिकीट हातात पडलं की काही मुलं दचकतात. वर्गात बसून शिकलेला विषय त्यावर नसतो, किंवा कधीच न शिकलेला विषय छापून आलेला असतो. चूक दिसते तेव्हा, पण झालेली असते तीन-चार महिन्यांपूर्वी, विषय निवडतानाच. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हे सविस्तर लिहितोय, कारण यातल्या बहुतेक चुका दहा मिनिटं लक्ष दिलं तर टळतात.

आधी एक गोष्ट पक्की करा. प्रवेशाची फी, विषयांची निवड आणि परीक्षा फॉर्म ही तीन वेगळी कामं आहेत. फी बहुधा वर्षाची भरली जाते, पण विषय आणि परीक्षा फॉर्म दर सत्राला भरावे लागतात. फी भरली म्हणून विषय आपोआप लागत नाहीत. एटीकेटी राहिलेल्या, म्हणजे मागच्या सत्रात नापास झालेल्या पेपरचा फॉर्मही ज्याचा त्यालाच भरावा लागतो.

विषय निवडताना

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीला नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली अशी बास्केट, म्हणजे विषयांचे गट, आली. रचनेत मध्ये बदलही झाले. म्हणून सीनियरची यादी उतरवून काढू नका. त्याच्या बॅचला जे होतं ते तुमच्या बॅचला असेलच असं नाही. आपल्या प्रवेशवर्षाचा अभ्यासक्रम उघडा आणि आपल्या सत्राचा तक्ता समोर ठेवूनच फॉर्म भरा.

मग क्रेडिटची, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेल्या भारांकाची, बेरीज करा. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात, तीन वर्षांच्या पदवीला एकूण १२० ते १३२. बेरीज १८ आली तर एखादं बास्केट सुटलंय, २४ आली तर काहीतरी दोनदा निवडलं गेलंय. सबमिट करण्याआधी हा हिशेब झालाच पाहिजे.

सगळ्यात जास्त गोंधळ ओपन इलेक्टिव्हचा होतो. तो आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो, पण मुलं मैत्रिणीने घेतला म्हणून घेतात, नाहीतर यादीतला पहिलाच टिक करतात. जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे दोन पर्याय मनात तयार ठेवा. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्यांनी त्याचा तास कधी लागतो हेही आधीच विचारावं. सकाळी पहिला किंवा संध्याकाळी शेवटचा तास असेल आणि गाडी जुळत नसेल, तर हजेरीचा प्रश्न सत्रभर पाठ सोडत नाही. मायनरचं तर पुढच्या सत्रांतही चालू राहतं, तेव्हा तो निवडताना त्या विषयाच्या सरांशी किंवा मॅडमशी एकदा बोला.

नाव, आधार आणि अपार

हा भाग आपल्या सोलापुरात जरा जास्तच त्रासाचा आहे. इथे घराघरांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू आहे आणि एकाच नावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं असतं. लक्ष्मी एकीकडे एक्सने, दुसरीकडे के-एस-एचने. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. क्रेडिट जमा होतात ती १२ अंकी अपार आयडीवर (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक), म्हणजेच ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात. तिथलं नाव आणि विद्यापीठाच्या नोंदीतलं नाव जुळलं नाही तर क्रेडिट अडकू शकतात.

दुरुस्ती कुठे करायची? बहुतेक वेळा दहावीचं नाव कायम ठेवून आधार त्याप्रमाणे करून घेणं सोपं जातं. मात्र आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे स्पेलिंग अक्षर अक्षर लावून तपासूनच अर्ज करा. अपार आयडी सापडत नाही म्हणून दुसरा काढू नका. सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये लॉगिन केलं की पहिला मिळतो.

ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो आणि तो नंबर पुष्कळदा वडिलांचा असतो. ते एमआयडीसीत मागावर ड्युटीला असताना तुम्ही कॉलेजच्या लॅबमधून फोन करून ओटीपी मागणार, तोवर त्याची मुदत संपते. हे काम घरी, ते समोर असताना करा.

फॉर्म नेट कॅफेतून भरत असाल तर मोबाईल आणि ईमेल तुमचाच टाकायला सांगा. घाईत कॅफेवाल्याचा ईमेल पडला, तर पुढचा पासवर्ड, सूचना, सगळं त्याच्याकडे जातं.

स्वयमचा कोर्स घेताय?

स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर नाव नोंदवणं फुकट आहे, पण परीक्षेची नोंदणी आणि फी वेगळी असते. ती तारीख चुकली की कोर्स पूर्ण करूनही क्रेडिट मिळत नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेता येतात, पण कॉलेजची लेखी परवानगी आधी घ्या. नंतर मान्यता मागत फिरणं फार जड जातं.

पैसे कटले, पावती नाही

लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा, बँकेचं स्टेटमेंट बघा आणि पोर्टलवर स्टेटस तपासा. पैसे पोर्टलपर्यंत पोहोचले नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला केलेला असा व्यवहार ५ दिवसांत आपोआप परत यायला हवा. पण शेवटची तारीख उद्यावर आली असेल तर वाट बघत बसू नका. स्क्रीनशॉट घेऊन त्याच दिवशी कॉलेजच्या ऑफिसला जा. शेवटच्या दोन दिवसांत साइट हळू चालते, म्हणून आधीच भरलेलं बरं. पहिल्या टर्मची नोंदणी साधारण आषाढीच्या सुमाराला आणि दुसरीची सिद्धेश्वर यात्रेच्या आसपास पडते. या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि तारीख हमखास विसरते.

चूक झालीच तर

थेट केगावला विद्यापीठात जाऊ नका. बहुतेक दुरुस्त्या कॉलेजमार्फतच होतात आणि कॉलेजच्या पत्राशिवाय गेलात तर परत पाठवतात. साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा : पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक), वर्ग, सत्र, चुकीने लागलेला विषय आणि त्याचा कोड, हवा असलेला विषय आणि त्याचा कोड. फॉर्मची प्रिंट आणि फीची पावती जोडा. अर्ज ऑफिसच्या इनवर्डला (आवक टेबलाला) देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी "बघतो" यावर परत येऊ नका. हॉलतिकीट आलं की विषयांचे कोड आणि पेपरचं माध्यम त्याच प्रतीशी ताडून पाहा. निकाल लागून डिजिलॉकरमध्ये क्रेडिट दिसेपर्यंत ती प्रत फाईलमधून काढू नका.