मोडी दप्तराचा रुमाल उघडताना

विद्यापीठाच्या संग्रहात पहिल्यांदाच मोडी कागद पाहायला निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या मराठा इतिहास संग्रहालयाचंच उदाहरण घ्या. रावबहादूर द. ब. पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेला ठेवा १९३९ साली तिथे आला. नाना फडणवीसांचं मेणवली दप्तर त्यातलंच. असा ठेवा हाताळायचा तर तयारीनं जावं.

मार्गदर्शकाचं पत्र आणि कोणते कागद हवेत हे आधी कळवा. सोबत पेन्सिल न्या. पेन बाहेरच ठेवायचं. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. कागदासाठी हातमोजे नकोत, त्यात बोटांना कड नीट कळत नाही आणि कागद फाटतो. फोटो आणि नाणी मात्र हातमोज्यांनीच धरायची.

आता रुमाल, म्हणजे कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं. गाठ सोडलीत की कागद ज्या क्रमानं बांधलेत त्याच क्रमानं एकेक उचला आणि त्याच क्रमानं परत ठेवा. याबाबतीत मी फार कडक आहे, त्याला कारण आहे. कितीतरी पत्रांवर नुसतं ‘छ १२ सवाल’ असं असतं. ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे चांद्र तारीख बारावी, महिना सवाल (हिजरी कालगणनेतला शव्वाल), पण साल नाही. ते साल बरेचदा शेजारच्या कागदावरून, त्यातल्या माणसांवरून आणि मजकुरावरून ठरवावं लागतं. विषयवार गठ्ठे करायचा मोह झाला आणि शेजार तुटला, की तो कागद साल हरवून बसतो. विषयाची यादी आपल्या वहीत करा. कागद हलवू नका.

घडी उलगडताना जोर लावायचा नाही. घडीवर कागद सगळ्यात अशक्त असतो. खालून दोन्ही हातांचा आधार द्या. न उलगडणारी घडी तिथल्या कर्मचाऱ्यांकडे सोपवा. काजळाची शाई उजेडानं फिकी पडत नाही, पण ती कागदाच्या वरच बसलेली असते. ओलं बोट लागलं की अक्षर पसरतं. म्हणून थुंकी लावून पान उलटायची सवय घरीच सोडून या.

चित्रांना तर स्पर्शच नको. रंगाचे थर पापुद्र्यासारखे सुटतात. जंगाली हिरवा रंग जिथे आहे तिथे मागच्या बाजूला कागद तपकिरी होऊन चिरलेला दिसेल, तांब्याच्या त्या रंगानंच तो खाल्लेला असतो. फ्लॅश बंद ठेवा. चित्राची मागची बाजूही दाखवायला सांगा, कारण चित्रातल्या व्यक्तीचं नाव कधी कधी फक्त तिथेच लिहिलेलं असतं.

फाटलेलं काही दिसलं तर चिकटपट्टी अजिबात लावू नका. तिचा गोंद कागदात मुरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून जोडणं हे जाणकाराचं काम. तुम्ही रुमाल क्रमांक, कागद क्रमांक आणि फाटल्याची जागा पेन्सिलीनं वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, रुमाल सैलसर बांधा आणि चिठ्ठी टेबलावरच्या कर्मचाऱ्यांच्या हातात द्या.