इन-इअर मॉनिटरचा हरवलेला खर्ज

नाशिकला पंचवटीतल्या घरी महागडे इन-इअर मॉनिटर (कानाच्या नळीत घट्ट बसणारे इअरफोन) पारखताना डग्ग्याची घुमक पोकळ आणि तबल्याची चाट टोचरी ऐकू येत होती. दोष ड्रायव्हरचा (आतल्या छोट्या स्पीकरचा) नसून मॉनिटर आणि कान यांच्यातल्या फटीतून होणाऱ्या गळतीचा असावा, अशी शंका आल्याने ५० हर्ट्झचा सलग सूर लावून मॉनिटर बोटाने हलकेच आत दाबला, तेव्हा खर्ज एकदम भरून आला. डाव्या कानासाठी सिलिकॉन टिप (मॉनिटरच्या टोकावरची मऊ टोपी) एक माप मोठी घेतली (दोन्ही कानांच्या नळ्या सारख्याच असतात असे नाही) आणि गळती थांबली. टिप नीट बसल्याशिवाय दिलेला कोणताही अभिप्राय मी ग्राह्य धरत नाही. दुसऱ्या जोडीशी तुलना करण्यापूर्वी दोन्हींची पातळी समान केली, कारण किंचित मोठा आवाज कानाला सहज सरस भासतो. मग तानपुऱ्याच्या जवारीतला (तारांच्या गुंजनातला) फरक स्पष्ट कळला.