‘टेक केअर ऑफ माय कॅट’ बघायचाय? मग असा बघा

रविवारी दुपारी जेवून, लोळत तर मुळीच नको. मी तेच केलं आणि अर्ध्या तासात घोरायला लागले.

जंग जे-उन या दिग्दर्शिकेचा हा २००१ चा कोरियन सिनेमा. इंचॉन या बंदराच्या गावातल्या, शाळा संपलेल्या पाच मैत्रिणींचा. मारामारी नाही, प्रेमप्रकरण म्हणावं असंही फारसं नाही.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पोरींचे मेसेज थेट पडद्यावर उमटतात. नजर हटली की भांडणाचं कारणच निसटतं.

मग मांजर धरून ठेवा. पाचजणींतली जी-यंग मांजराचं पिल्लू दुसरीला, हे-जूला, वाढदिवसाला देते आणि लगेच परतही मिळतं. पुढे ते कोणाकडे जातं, वहीत टिपत चला. मी वाणसामानाच्या यादीमागे लिहिलं होतं, साखरेच्या खाली ‘मांजर – जी-यंगकडे’.

जी-यंगच्या आजीआजोबांच्या घरात शिरलात की आधी वर बघा. छत खाली झुकलंय. त्याच वेळी हे-जू सोलच्या शेअरदलालीच्या ऑफिसात इतरांची किरकोळ कामं करत पळतेय. तिचा राग येईल. येऊ द्या, पण दुसऱ्यांदा बघताना तिच्याच बाजूने बघा.

बे डूना या अभिनेत्रीने केलेली ‘ते-ही’ ही मैत्रीण मात्र पहिल्यांदाच आवडते, त्याला इलाज नाही.