जुन्या साहेबी बंगल्याची भूतकथा कशी तपासावी

भूत खरं की खोटं, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. त्याचं उत्तर कागदांत मिळत नाही. ही गोष्ट कुठल्या घटनेवर उभी आहे आणि तिला ठिगळ कुठे लागलंय, ते मात्र शोधता येतं.

सुरुवात तोंडी कथांपासून करा. पहारेकरी, माळी, आवारात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं अशा किमान पाच जणांना वेगवेगळं गाठा. ‘पांढरी बाई दिसते ना?’ असं विचारलंत, तर पुढचा प्रत्येक जण पांढरीच बाई सांगेल. ‘इथं काय सांगतात?’ एवढंच विचारा, मग ‘तुम्ही स्वतः पाहिलंत की ऐकलंत? कुणाकडून?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारखेसह उतरवा. छापील मजकुराबाबत जास्त सावध राहा. दहा लेखांत एकसारख्या चुका असतील, तर ती एकच साक्ष धरायची.

आता प्रत्येक कथेतून चार गोष्टी वेगळ्या काढा: व्यक्ती, वस्तू, जागा आणि वेळ. पाचही कथांत टिकून राहतं ते आधी कागदांशी ताडून पाहा.

कोलकात्याच्या अलीपूरमधल्या हेस्टिंग्ज हाउसची कथा या कामाचा उत्तम नमुना आहे. बंगालचा पहिला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचं भूत बग्गीतून येतं, धावत आत शिरतं आणि हरवलेली काळ्या लाकडाची पेटी शोधतं, असं सांगतात. पेटी खरी होती. हेस्टिंग्ज 1785 मध्ये भारत सोडून गेला आणि 1787 मध्ये ‘कलकत्ता गॅझेट’मध्ये तिच्यासाठी जाहिरात आली. आत दोन छोटी चित्रं आणि खासगी कागद, शोधून देणाऱ्याला 2000 सिक्का रुपये (तेव्हाचे चांदीचे रुपये). पण जाहिरात नीट वाचा: पेटी कलकत्त्यातल्याच एस्प्लनेड भागातल्या घरातून चोरीला गेली, किंवा सामानाच्या लिलावात चुकून विकली गेली, असं तिच्यात म्हटलंय. अलीपूरचं नाव नाही. म्हणजे व्यक्ती आणि वस्तू अस्सल, जागा मागाहून जोडलेली. ठिगळ सापडतं ते असं.

अलीपूरच्याच परिसरात 17 ऑगस्ट 1780 रोजी हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलातला विरोधक फिलिप फ्रान्सिस यांचं पिस्तुलांचं द्वंद्व झालं. फ्रान्सिस जखमी झाला, पण वाचला. दोघंही 1818 मध्ये इंग्लंडात वारले. त्यामुळे यांपैकी कुणी ‘द्वंद्वात मेला’ असं सांगणारी कथा तिथेच बाद करा.

मृत्यू तपासायला दफननोंदी लागतात. त्यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत: संग्रह क्रमांक एन/1 बंगालसाठी, एन/2 मद्राससाठी, एन/3 मुंबईसाठी. नावाची निदान तीन-चार स्पेलिंग धरून शोधा. आणि एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा: या नोंदी चर्चच्या. आया, माळी, भिस्ती यांचे मृत्यू त्यांत बहुधा सापडत नाहीत. बहुतेक बंगल्यांच्या कथा तर याच माणसांच्या असतात. नोंद नाही म्हणून ‘असं कुणी नव्हतंच’ लिहिलंत, तर त्या माणसावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. त्यांच्यासाठी वर्तमानपत्रं, कोर्टाची कागदपत्रं आणि जुने पगारपट चाळा.

‘भिंतीआड बंद खोली आहे’ असं कुणी म्हटलं, तर आधी नकाशा मागा, मग आतून-बाहेरून मोजमाप घ्या. कोलकात्यातल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या बेल्व्हेडिअर वास्तूत 2010 मध्ये दार नसलेली अशीच जागा सापडली आणि खजिन्यापासून कैद्यांपर्यंत तर्क झाले. पुढच्या वर्षी तपासणीत आत नुसती माती निघाली, बहुधा पायाच्या मजबुतीसाठी भरलेली.

रात्रीची पाहणी शेवटी, लेखी परवानगीनं आणि दोघांनी मिळून करा. त्याआधी जिने आणि कुजलेल्या फळ्या दिवसाउजेडी तपासा. सूर्यास्ताच्या तासभर आधी बसा. दोन टोकांना दोन रेकॉर्डर ठेवा, आवाजाची वेळ मिनिटासह लिहा, दर पंधरा मिनिटांनी तापमान नोंदवा. ऊन उतरल्यावर पत्रे आणि लाकूड आक्रसतं आणि कडकड वाजतं. आवाज तापमान उतरतानाच येत असेल, तर कारण तेच असण्याची शक्यता मोठी. किंकाळी ऐकू आली तर पोटमाळ्यावर गव्हाणी घुबडानं ओकलेल्या केस-हाडांच्या गोळ्या, विष्ठा, पिसं शोधा. त्याचा चेहराही पांढराच असतो. फोटोतले गोल ठिपके म्हणजे बहुधा फ्लॅशमध्ये उजळलेली धूळ. फ्लॅश बंद करून तीच चौकट पुन्हा टिपा.