कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, पण अक्षरं धुरकट? या चुका टाळा

आपल्या विदर्भातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत आणि ग्रामपंचायतींत आता भिंतीवर मोठा टीव्ही लागला आहे. त्याला कॉम्प्युटर जोडला की मागच्या बाकावरून तक्रार येते, "सर, काहीच दिसून नाही राहिलं." दोष टीव्हीवर जातो. पण बहुतेक वेळा टीव्ही चांगलाच असतो. कॉम्प्युटर जेवढे ठिपके पाठवतो आणि पडद्यावर जेवढे ठिपके आहेत, त्यांचा मेळ बसलेला नसतो. त्यामुळे तालुक्याला दुरुस्तीला न्यायच्या आधी सेटिंग तपासा.

अक्षरं मोठी दिसावीत म्हणून रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, कमी करणं, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. फुल एचडी टीव्हीवर १९२० × १०८० ठिपके असतात. तुम्ही १०२४ × ७६८ चं चित्र पाठवलं, तर टीव्ही ते ताणून पडदा भरतो. अक्षर मोठं होतं, पण कडा पुसट होतात. भूमितीच्या तासाला काढलेलं वर्तुळही अंड्यासारखं दिसतं, आणि मुलांना ते तसं दाखवणं मला तरी पटत नाही. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा, रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' लिहिलेलंच ठेवा आणि 'स्केल' १५० टक्के करा. अक्षरं मोठीही होतात आणि स्वच्छही राहतात.

लॅपटॉप असेल तर आणखी एक गोष्ट बघा. लॅपटॉपवर आणि टीव्हीवर एकच चित्र ठेवलं की बऱ्याचदा लॅपटॉपचं कमी रिझोल्यूशनच टीव्हीवर जातं. विंडोजची की आणि पी एकत्र दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा.

३२ इंची एचडी रेडी टीव्हीची गोष्ट थोडी वेगळी. त्यातल्या बहुतेकांवर १३६६ × ७६८ ठिपके असतात, पण एचडीएमआयमधून (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी जोडणी) ते स्वतःला ७२० किंवा १०८० ओळींचा टीव्ही म्हणून सांगतात. मग चित्राची मापं टीव्हीला आत बदलावी लागतात आणि बारीक अक्षर फुटतं. रिझोल्यूशनच्या यादीत १३६६ × ७६८ किंवा १३६० × ७६८ दिसत असेल तर ते लावून पाहा. अशा टीव्हीला जुनं व्हीजीए (फक्त चित्र नेणारं) सॉकेट असेल, तर कधी कधी त्यातूनच चित्र जास्त स्पष्ट येतं. नवं ते चांगलंच, असं इथे धरून चालू नका.

खालची स्टार्टची पट्टी अर्धी कापली जाते का? टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा बाहेर टाकतो, त्याचा हा परिणाम. रिमोटवरून 'पिक्चर साइज'मध्ये जा आणि 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सल' यांपैकी जे असेल ते निवडा. कॉम्प्युटरमधूनच चित्र लहान करून बसवलं, तर कडा दिसतील, पण धुरकटपणा पुन्हा येईल. इनपुटला 'पीसी' नाव देता येत असेल तर द्या, आणि अक्षरांभोवतीची पांढरी किनार जाईपर्यंत शार्पनेस (कडांचा ठळकपणा) कमी करा.

महागड्या केबलवर पैसे घालवू नका. एचडीएमआय केबल खराब असेल तर ठिणग्यांसारखे ठिपके दिसतात किंवा पडदा मधूनमधून काळा होतो. अक्षरं पुसट होण्याचं कारण ती सहसा नसते. जुन्या कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए असेल, तर 'व्हीजीएतून एचडीएमआय' असाच कन्व्हर्टर मागा. उलट्या दिशेचा दिसायला तसाच असतो, पण चालत नाही.

विजेकडे मात्र नीट लक्ष द्या. खेड्यातल्या अनेक इमारतींत अर्थिंग नावालाच असतं. मग कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, आणि केबल खोचताना सॉकेट जळू शकतं. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडू नका. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, कॉम्प्युटर आणि टीव्ही एकाच बोर्डावर लावा आणि दोन्ही बंद करूनच केबल जोडा. मृगाच्या विजा सुरू झाल्या की नुसतं बटन बंद करून भागत नाही. शाळा सुटताना प्लग, डिशची वायर आणि एचडीएमआय केबल, तिन्ही काढून ठेवा.