न्यूयॉर्क मॅरेथॉनला चालले? मग ह्या चुका टाळा राजेहो

आजकाल आपल्या इकडचे बरेच जण विदेशातली मॅरेथॉन करायला जाऊन रायले, चांगली गोष्ट आहे. पण फोन येतात ते परत आल्यावर, "भाऊ, पायात गोळेच आले, काहून झालं असन?" अरे बाप्पा, धावणं तुम्हाले येतेच, घोळ होते तो धावायच्या आधी.

सगळ्यात मोठा घोळ स्टार्टच्या थंडीचा. ही शर्यत असते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सुटते स्टेटन आयलंडवरून, अन् तिथं फेरीनं नाहीतर बसनं सकाळी लवकरच नेऊन सोडतात. शेवटच्या वेव्ह, म्हणजे धावणाऱ्यांचे गट, अकराच्या पुढं सुटतात, तोवर खाडीवरचा वारा खात उघड्यावर बसा. आमच्या तालुक्यातला एक पोट्टा बनियन अन् हाफ पँटवर गेला. जाडा ट्रॅकसूट होता त्याच्याकडे, पण नवा, तिथं फेकावा लागन म्हणून हॉटेलवरच ठेवला. तीन तास गुडघे छातीला लावून ओल्या गवतावर बसला, दात वाजून रायले, अन् जिथं क्वीन्सबोरो पूल चढायचा, पंधराव्या मैलाच्या पुढं, तिथं दोन्ही पोटऱ्या धरल्या. पुढचं सगळं चालत. आता हाच पोट्टा रब्बीत रात्रीच्या लाइनवर ओलिताला जातो तेव्हा कानटोपी, स्वेटर, वरून घोंगडी, काही विसरत नाही!

मी सांगतो ते करा. घरातलं सगळ्यात जुनं स्वेटर, जुनी पँट, कानटोपी अन् बुडाखाली टाकायला ताडपत्रीचा तुकडा. स्टार्टला काढून टाका, ते लोक गोळा करून दान करतात, जीव जाळायचं काम नाही.

दुसरी चूक म्हणजे थंडीत हलकं वाटते म्हणून सुरुवातीलाच सुसाट सुटणं. आपण मे महिन्यात घाम गाळणारे लोक, दहा डिग्रीत पाय आपोआपच पळतात. त्यात पहिला मैल वेराझानो पुलाचा चढ, दुसरा उतार, लोक ओरडून रायले, अन् भाऊ घड्याळ न पाहता पळून रायला. असे पाच पूल आहेत. सपाट पांदणीवर प्रॅक्टिस करून ते झेपत नाहीत, मी तर रेल्वेच्या उड्डाणपुलावर चकरा मारायला लावतो, बोर होते म्हणून अर्धे पळून जातात. एक हाफ मॅरेथॉन झाली की लगेच टूरवाल्याचं पॅकेज घेणारे तर ऐकतच नाहीत, त्यांना फक्त मेडलचा फोटो पाहिजे.

बोर्ड बहुतेक मैलात असतात, किलोमीटरचे फक्त दर पाच किलोमीटरला. सहाचा पेस, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, तो होते मैलाला 9 मिनिटं 39 सेकंद, हे हातावर पेनानं लिहून ठेवा.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, दुसऱ्याच्या हातून मिळत नाही अन् शर्यतीच्या दिवशीही मिळत नाही. शर्यतीच्या आधी बिब वाटायचं प्रदर्शन असते, त्या एक्स्पोला स्वतः जा, पासपोर्ट घेऊन.

एक्स्पोतलं फुकटचं नवीन एनर्जी जेल (ताकदीसाठी खायचं गोड चाटण) शर्यतीच्या सकाळी खाऊ नका. गूळ-शेंगदाणे न्या, पण कस्टमवाल्याला सांगून, लपवलं तर दंड होते.

धावायचे बूट विमानात हँडबॅगेत. यावर चर्चा नाही.

पाठीवरची पाण्याची पिशवी चालत नाही, गरजही नाही, पाणी जवळपास दर मैलाला आहे.

शर्यतीच्या आदल्या रात्रीच तिकडची घड्याळं एक तास मागं जातात. मोबाइल आपोआप बदलते, हातानं लावलेलं घड्याळ नाही.

अन् आदल्या दिवशीचं फिरणं! एवढे लाख घातले तर टाइम्स स्क्वेअर पाहू, पुतळा पाहू, मग शनिवारी दिवसभर तंगडतोड. बायको-पोरांना पाठवा, तुम्ही पाय वर करून पडा. फिरायचं ते सोमवारी फिरा, अन् परतीचं विमान मंगळवारच्या आधीचं घेऊ नका.