मारहाण थांबवायला घटस्फोट घ्यावा लागत नाही, कोर्टाचा संरक्षण आदेश कसा मिळवायचा ते वाचा

गणपतीत चाकरमानी आले की घरं भरतात, आणि त्याच दिवसांत कोणीतरी बाई मागीलदारी गाठून हळूच विचारते, काय करता येईल काय म्हणून. तिला नवऱ्याला जेलात टाकायचं नसतं, घटस्फोटही नको असतो, फक्त मारणं थांबायला हवं असतं. नेमकं हेच 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे आणि आपल्याकडे हे बायकांना कोणी सांगतच नाही, सांगतात ते एकच, गप रव, लोका काय म्हणतली.

आधी हे समजून घ्या की हिंसाचार म्हणजे फक्त हात उचलणं नाही. सतत शिव्या, संशय, धमक्या, जबरदस्ती, आणि मुंबईत पगार घेऊन इकडे पोरांना एक पैसा न पाठवणं, तुमचे दागिने काढून घेणं, हे सगळं त्यात येतं. आणि हा कायदा फक्त बायकोसाठी नाही, आई, बहीण, विधवा वहिनी, लग्न न करता नवराबायकोसारखं एकत्र राहणारी, सगळ्यांना लागू आहे.

पहिलं काम, लिहून ठेवा. माझ्या मावसबहिणीने काय केलं होतं, भिंतीवरच्या कालनिर्णयावर गॅस आला, दूधवाल्याला दिले अशा नोंदी असतात ना, त्याच चौकोनात ती मार पडला त्या दिवशी कोपऱ्यात बारीकशी फुली मारायची, घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. वकीलबाईंनी ती पानं उलटून एकेक तारीख अर्जात घातली. जखम असेल तर ग्रामीण रुग्णालयात जा आणि डॉक्टरला खरं सांगा, पायरीवरून पडले म्हणू नका, कारण केसपेपरवर जे लिहिलं जाईल तेच पुढे उपयोगी पडतं. धमकीचे व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका, फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे पाठवून ठेवा. लग्नाचा पुरावा, रेशनकार्ड, पोरांचे दाखले यांच्या झेरॉक्स माहेरी किंवा मैत्रिणीकडे.

मग जायचं कुठे? संरक्षण अधिकारी नावाचा सरकारी माणूस यासाठीच नेमलेला असतो, तुमच्या भागात कोण आहे ते अंगणवाडी सेविकेला विचारा. तो घटनेचा अहवाल भरून घेतो आणि अर्ज करायला मदत करतो. पण त्याच्याशिवाय अडतं असं अजिबात नाही, थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात तुम्ही स्वतः कलम 12 खाली अर्ज करू शकता. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे बाईला वकील फुकट मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर 15100. महिला हेल्पलाइन 181, आणि जीवावर बेतलं तर आधी 112, बाकी सगळं नंतर.

नवरा मुंबईत आणि तुम्ही राजापूरला माहेरी, तर मुंबईला खेपा घालायची गरज नाही, तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो.

आता सगळ्यात मोठी भीती, घर सासऱ्यांच्या नावावर आहे, मला हाकलतील. तुम्ही त्या घरात संसार केलाय ना, मग नावावर नसलं तरी राहायचा हक्क मागता येतो, सुप्रीम कोर्टाने 2020 साली सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराबाबतही तो मान्य केलाय. कोर्ट तुम्हाला बाहेर काढू नका असा आदेश देऊ शकतं, मारणाऱ्या नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगू शकतं, नाहीतर वेगळ्या जागेचं भाडं द्यायला लावतं. अर्जात सगळं एकदम मागा, मारहाण आणि फोन-मेसेजवरून त्रास बंद, खर्चाला पैसे, पोरांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत, नुकसानभरपाई. वकील विसरले तर तुम्ही आठवण करा.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, पण तारखा लांबतात हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश पहिल्याच दिवशी मागा. धोका मोठा असेल तर प्रतिज्ञापत्रावर, नवरा हजर व्हायच्या आधीच, तो मिळू शकतो.

आमच्या वेळी पोलिस चौकीत एकाने घरातलं भांडण घरात मिटवा म्हणून परत पाठवलं होतं, आजही तो प्रसंग आठवला की राग येतो. पोलिसांनी तुम्हाला संरक्षण अधिकारी आणि फुकट वकिलाची माहिती देणं हे त्यांचं कामच आहे. छळाची फौजदारी तक्रार करायची असेल, पूर्वीचं 498 अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85, तर ती वेगळी असते, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. वाडीतले जाणते बैठक घेऊन मिटवू म्हणतील, बसायचं तर बसा पण अर्ज मागे घेऊ नका.

आदेशाची प्रत कोर्ट फुकट देतं आणि पोलिस ठाण्यालाही पाठवतं. एक घरात, एक शेजारच्या काकूंकडे, एक फोनमध्ये फोटो काढून ठेवा. नवऱ्याने संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय पकडू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा आहे, 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, म्हणून तो दारात आला की वाद घालत बसू नका, कडी लावा आणि 112 ला सांगा माझ्याकडे कोर्टाचा आदेश आहे.